निवेदक नायक आणि दुसऱ्याचे दुःख : ‘सबमरीन’च्या निमित्ताने

मानवी आयुष्याला एकात्मता लाभते ती कथेच्या एकात्मतेसारखी, अशी मांडणी अ‍ॅलस्डेअर मॅकिन्टायर यांनी ‘आफ्टर व्हर्च्यू’ (१९८१) या ग्रंथात केली. आयुष्य कथारूपाने जगणे हे सार्वत्रिक सत्य नाही आणि नैतिक आदर्शही नाही, असा प्रतिवाद गेलेन स्ट्रॉसन यांनी २००४ साली केला. या वादात एक प्रश्न मात्र काहीसा दुर्लक्षित राहतो. जो स्वतःच्या कथेचा नायकही आहे आणि निवेदकही, त्याच्या कथेत दुसऱ्या माणसाला कोणते स्थान उरते? रिचर्ड आयोवाडी यांचा ‘सबमरीन’ (२०१०) हा चित्रपट या प्रश्नाच्या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे.

जो डन्थॉर्न यांच्या २००८ सालच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचा नायक ऑलिव्हर टेट हा वेल्समधील स्वॉन्सी येथे राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा आहे. अवघडलेला, अतिबोलका, आणि स्वतःविषयी कमालीचा गंभीर. वर्गात बसून तो आपल्या मृत्यूची आणि त्यानंतरच्या सार्वत्रिक शोकाची कल्पना करतो. आपल्यावर चित्रपट निघाला तर कॅमेरा कसा फिरेल, याचाही तो विचार करतो, आणि पडद्यावरचा कॅमेरा निमूटपणे त्याचे ऐकतो. प्रास्ताविक, प्रकरणे आणि उपसंहार अशी चित्रपटाची रचनाही ग्रंथासारखी आहे. म्हणजे हे कथनरूप ऑलिव्हरच्याच आत्मप्रतिमेतून घडले आहे. प्रेक्षक हसतो तो या आत्मप्रतिमेच्या फुगीरपणाला. विक्षिप्तपणा येथे विनोदाचे साधन आहे. त्याहून अधिक, तो एका विशिष्ट जीवनदृष्टीचा आविष्कार आहे.

या दृष्टीचे नैतिक रूप हळूहळू उघड होते. जॉर्डाना या मुलीच्या जवळ जाता यावे म्हणून ऑलिव्हर एका लठ्ठ मुलीच्या छळात सामील होतो. नंतर तिला धीर यावा म्हणून तो चक्क एक मार्गदर्शिका लिहितो. छळ आणि साहाय्य या परस्परविरोधी कृती. परंतु दोहोंमध्ये ती मुलगी त्याच्या कथेतील एक प्रसंग एवढीच उरते. घरीही तेच. वडील, सागरी जीवशास्त्राचे अभ्यासक, नैराश्याने ग्रासलेले आहेत; आईचा पूर्वाश्रमीचा प्रियकर शेजारी राहायला आला आहे. आईवडिलांच्या शयनगृहातील दिव्याचा मंद-प्रखर करण्याचा खटका पाहून ऑलिव्हर त्यांच्या दांपत्यजीवनाचा अंदाज बांधत असतो. त्याच्याजवळ माहिती भरपूर आहे. नाही ते अवधान.

‘अवधान’ हा शब्द येथे आयरिस मर्डॉक यांच्या अर्थाने घ्यावा लागतो. ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) मध्ये त्यांनी सासूसुनेचे एक उदाहरण दिले आहे. सुनेला उथळ समजणारी सासू आपल्या मत्सराची कबुली स्वतःशी देते आणि सुनेकडे पुन्हा, न्याय्य दृष्टीने पाहू लागते. तिच्या बाह्य वर्तनात पूर्वीही उणे नव्हते, आताही फरक पडत नाही. तरीही नैतिकदृष्ट्या काहीतरी महत्त्वाचे घडलेले असते. ऑलिव्हर निरीक्षण अखंड करतो, पण हे ‘पुन्हा पाहणे’ त्याला साधत नाही. निरीक्षणाचा केंद्रबिंदू तो स्वतःच असतो.

कसोटीचा क्षण येतो तो जॉर्डानाच्या आईला मेंदूत गाठ असल्याचे कळल्यावर. इस्पितळात येण्याचे वचन ऑलिव्हर देतो आणि जात नाही. आईवडिलांचा संसार सावरायचा आहे, ही एक सबब. दुःखाने जॉर्डाना हळवी होईल, आपल्याला आवडलेली कठोर मुलगी उरणार नाही, हे आतले भय. तिच्यावर जे कोसळले आहे त्याचा विचार तो आपल्या आवडीच्या मापाने करतो. येथे चित्रपटाचा प्रामाणिकपणा लक्षणीय आहे. नायक जेथे गेला नाही तेथे प्रेक्षकालाही नेले जात नाही. जॉर्डानाचे इस्पितळातले दुःख पडद्यावर येतच नाही. आतापर्यंत ऑलिव्हरबरोबर हसत आलेल्या प्रेक्षकाला या रिकाम्या जागेत आपल्या हसण्याचा हिशेब द्यावा लागतो.

‘वयच तसे आहे’ असा बचाव येथे संभवतो. तरुण माणूस नीतिविचाराचा योग्य विद्यार्थी नव्हे, असे अ‍ॅरिस्टॉटलनेही म्हटले आहे; पण हा तरुणपणा वयाचा असो वा स्वभावाचा, दोष काळाचा नसून विकारवश जगण्याचा आहे, अशी पुस्ती त्याने लगेच जोडली आहे. ती जोडल्यावर बचाव दुबळा होतो. प्रौढ माणसेही आपापल्या कथांचे निवेदक असतात. फक्त त्यांना तसे मोठ्याने बोलण्याची सवय राहिलेली नसते.

मग कथा टाकून देणे हा उपाय ठरतो काय? चित्रपटाचे उत्तर इतके सोपे नाही. प्रेमात पडलेल्या मुलाला वडील गाण्यांची एक ध्वनिफीत देतात आणि तीत शेवटी ताटातुटीची गाणीही घालून ठेवतात. तीही एक कथाच आहे. पण दुसऱ्यासाठी रचलेली, त्याला पुढे काय लागेल याचा अंदाज घेऊन. स्वतःच्या आयुष्यात बुडत असलेला तो खचलेला माणूस मुलाकडे नीट पाहू शकतो, ही या चित्रपटातील सर्वांत शांत नैतिक घटना होय. ऑलिव्हर अखेरीस समुद्रकाठी जॉर्डानाची क्षमा मागतो आणि दोघे पाण्यात थोडी पुढे जाऊन उभी राहतात. तो सुधारला, असे येथे कोठेही ठरवून दिलेले नाही. पाणबुडीतून जगाकडे पाहणारा मुलगा पायांवर उभा राहून दुसऱ्याच्या शब्दाची वाट पाहतो, इतकेच दिसते. निवेदकाला नैतिक होण्याची संधी मिळत असेल, तर ती अशाच एखाद्या क्षणी, पुढचे वाक्य त्याच्या हाती नसताना.