मढ्यासाठी काढलेली चित्रं

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये यूएल्म नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये ॲलिस डी ला पोल हिचं थडगं आहे. सफोकची डचेस, कवी जेफ्री चॉसरची नात. 1475 साली वारली. थडगं दुमजली आहे. वर ॲलाबास्टर दगडात कोरलेली ॲलिस हात जोडून पहुडली आहे. डोक्यावर मुकुट, चेहऱ्याभोवती घट्ट लपेटलेलं वस्त्र, उशाशी देवदूत. खालच्या खणात, दगडी नक्षीच्या आड, पुन्हा तीच. पण आता कफनातलं, हाडं उरलेलं मढं. एवढ्यावर थांबलो तर बोध सोपा आहे, वर वैभव आणि खाली माती. त्या काळच्या युरोपात अशी मढी बरीच कोरली गेली.

खरी गोष्ट आहे ती खालच्या खणाच्या छताला. ते रंगवलेलं आहे. मरीयेला शुभवार्ता सांगणारा देवदूत, मग्दालीया मरीया, बाप्तिस्मा करणारा योहान. उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. बघायचंच असेल तर फरशीवर आडवं व्हावं लागतं. मढ्याची नजर मात्र थेट तिकडेच. म्हणजे एवढी कारागिरी झाली ती एकाच प्रेक्षकासाठी, आणि तोही मेलेला.

स्मारक मागे राहिलेल्यांनी बघावं म्हणून असतं, हे आपण धरूनच चालतो. इथे ते गृहीत धरता येत नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे बहुतेक आत्मे थेट स्वर्गात जात नसत. मधल्या शुद्धिस्थानात त्यांना यातना भोगाव्या लागत, आणि जिवंतांच्या प्रार्थनेने ती मुदत कमी होई. आपल्या श्राद्धाची आठवण होईल, पण श्राद्ध मुलंनातवंडं करतात. ॲलिसने आणि तिच्या नवऱ्याने, विल्यमने, ही सोय जिवंतपणीच लावून ठेवली. 1437 मध्ये सहाव्या हेन्रीची परवानगी घेऊन त्यांनी चर्चला लागूनच 13 गरीब पुरुषांसाठी घरं आणि दोन धर्मगुरूंची नेमणूक, अशी संस्था काढली. राहायला छप्पर, खर्चाला पैसे. बदल्यात रोज संस्थापकांसाठी प्रार्थना. त्या प्रार्थनेचं चॅपल आणि चर्चचा वेदीकडचा भाग यांच्या मधोमध ॲलिसचं थडगं आहे. थडगं, चॅपल, घरं हे सगळं मिळून एकच यंत्रणा होती. जिवंतांनी थडगं नुसतं बघायचं नव्हतं, राबायचं होतं.

विल्यमचा 1450 मध्ये समुद्रात नावेवर शिरच्छेद झाला. ॲलिस पुढे पंचवीस वर्षं जगली.

मग धर्मसुधारणा आली. मृतांसाठी प्रार्थना म्हणवून घेण्याकरता ठेवलेल्या देणग्या 1547 च्या कायद्याने सरकारजमा झाल्या. यूएल्मची घरं टिकली, पण ती जुनी प्रार्थना बंद पडली. ॲलिसच्या थडग्याचं काम संपलं. ते प्रेक्षणीय झालं ते त्यानंतर. स्त्रीने गार्टर हा मानाचा पट्टा कुठे बांधायचा असा प्रश्न व्हिक्टोरिया राणीला पडला, तेव्हा ॲलिसच्या मूर्तीचा डावा हात पाहून उत्तर शोधलं, असं सांगतात. आत्म्यासाठी केलेल्या सोयीचा असा उपयोग होईल हे तिच्या स्वप्नातही नसेल!

इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातल्या संगमरवरी पाट्या दिसतात, त्या या बदलाच्या पलीकडच्या. त्या वाचणाऱ्याकडे काही मागत नाहीत. मृताचं घराणं, पद, दानशूरपणा, पत्नीचं शील, असं सगळं प्रशस्तिपत्र सांगून मोकळ्या होतात. मला त्या वाचायला मजा येते, पण विश्वास बसतो तो जुन्या थडग्यांवर. त्यांना आपली गरज होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

यूएल्मच्या त्या घरांत आजही लोक राहतात. पहिल्या जेम्स राजाने तिथलं मास्टरपद ऑक्सफर्डच्या वैद्यकशास्त्राच्या राजनियुक्त प्राध्यापकाला जोडून दिलं. आत्म्यांच्या सोयीसाठी निघालेली संस्था अशी डॉक्टरांच्या हाती गेली.