जयघोष आणि धिक्कार



२०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईच्या चाहत्यांनी आपल्याच कर्णधाराची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवली. इंटरनेटवर शिव्यांचा पाऊस पडला. २९ जूनला त्याने विश्वचषकाचे शेवटचे षटक टाकले, भारत जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला.

झावळ्यांच्या रविवारी होसान्ना गाणाऱ्या यरुशलेमनेही शुक्रवारी क्रूस मागितला होता.

पनवेल लोकलमध्ये मोबाईलवर आपण वेगळे काय करतो? संघ हरला की घरी जेवण गोड लागत नाही.

खेळावर प्रेम जरूर करावे. पण ज्या बोटांनी क्रुसाची खूण करतो, त्यांनी शिवी लिहू नये. असे काही लिहिले असेल तर आजच पुसू या आणि त्या माणसासाठी प्रार्थना करू या. प्रभू आपल्यावर प्रेम करताना आपल्या धावा मोजत नाही.