चार दिवस आधी



आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. योहान बाप्तिस्ता रानातून हाक देतो आहे, तयारी करा. तयारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पापनिवेदनाची रांग येते, गोठा येतो, फराळ येतो. आज मी स्वयंपाकघरातल्या तयारीविषयी लिहिणार आहे. फादरांना हे काय सुचले, असे काहींना वाटेल. पण या गोष्टीत माझीच एक चूक आहे, आणि ती मी आजवर कधी व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

२०१४ साली मी काही महिने अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका धर्मग्रामात मदतीला होतो. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभाराचा दिवस असतो. १८६३ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी तो साऱ्या देशासाठी जाहीर केला. चर्चच्या पंचांगातला हा सण नव्हे, तरी सकाळच्या मिस्साला देऊळ भरते आणि मग घरोघरी टर्की भाजली जाते. टर्की म्हणजे आपल्या कोंबडीच्या चौपट-पाचपट मोठा पक्षी. दुकानातून तो बहुधा दगडासारखा गोठलेलाच आणतात.

आपल्या वसईतल्या एका कुटुंबाने मला जेवायला बोलावले होते. घरातल्या ताई नर्स. बुधवारी संध्याकाळी रात्रपाळीला निघताना त्यांनी १६ पौंडांची, म्हणजे सात किलोंहून थोडी जास्त वजनाची टर्की फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवली. सकाळी परतल्या तेव्हा बारा तास होऊन गेले होते. घरात हीटर चालू. वरची कातडी मऊ, खाली पाण्याचे थारोळे. पण पोटात हात घालावा तर बर्फ. मान आणि काळजाची पिशवी आत चिकटून बसलेली. ताईंना शंका आली. जेवायला ऐंशीच्या पुढच्या सासूबाई होत्या आणि सात महिन्यांची गरोदर मुलगी येणार होती.

त्यांचे यजमान म्हणाले, "चार तास ओव्हनमध्ये भाजल्यावर कुठला जंतू राहतोय?" तेवढ्यात मी मिस्सा आटोपून पोहोचलो. "फादर, तुम्हीच सांगा." आणि फादरांनी सांगितले! अग्नीत सगळे शुद्ध होते, असे म्हणून मी वर शुद्धिस्थानावर एक विनोदही केला. सगळे हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अमेरिकन कृषी खात्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मांस आणि कोंबडी सुरक्षित कशी हाताळावी, हे सांगण्यासाठी ही सेवा १९८५ पासून आहे आणि त्या सणाच्या दिवशीही ती चालू होती. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "किती तास बाहेर होती?" उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, टाकून द्या.

कारण असे. गोठलेले मांस बाहेरून आत वितळते. मधोमध बर्फ असतानाच वरचा भाग खोलीइतका गरम झालेला असतो. ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात; काही तर वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून कच्चे मांस दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. नीट भाजल्याने जंतू मरतात हे खरे. पण स्टॅफिलोकोकससारखे काही जंतू वाढताना विष सोडतात आणि ते विष आगीलाही दाद देत नाही. माझे शुद्धिस्थान तिथे कोसळले.

योग्य रीत सोपी आहे, फक्त वेळखाऊ. टर्की वेष्टणासकट खोलगट परातीत घालून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही. दर चार-पाच पौंडांना एक दिवस धरायचा. १६ पौंडांना चार दिवस. अशी वितळलेली टर्की आणखी एक-दोन दिवस फ्रिजमध्ये राहू शकते. उशीर झालाच तर न गळणाऱ्या पिशवीत बांधून गार पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचे. पौंडाला अर्धा तास, म्हणजे आठ तास, आणि मग लगेच भाजायची. गरम पाणी नको. तेवढाही वेळ नसेल तर गोठलेलीच ओव्हनमध्ये ठेवता येते. वेळ दीडपट लागतो. आत थर्मामीटर खुपसून छातीच्या जाड भागात, मांडीच्या आणि पंखाच्या आतल्या बाजूस ७४ अंश झाले की शिजली. कच्ची टर्की नळाखाली धुवू नये, शिंतोडे सगळीकडे उडतात, असेही त्या बाईंनी सांगितले. आपल्या आयाबायांना हे काही पटायचे नाही.

ताईंनी टर्की टाकून दिली. मी गप्प बसलो, कारण मला ॲरिस्टॉटल आठवला. सेमिनरीत आम्ही त्याचे नीतिशास्त्र शिकलो होतो. विवेक म्हणजे काय हे सांगताना त्याने नेमका पक्ष्याच्या मांसाचाच दाखला दिला आहे. हलके मांस पचते हे ज्याला ठाऊक आहे, पण हलके मांस कोणते हे ठाऊक नाही, तो कोणाला निरोगी करू शकणार नाही. पक्ष्याचे मांस हितकर एवढेच ज्याला कळते, तो करील. परीक्षेत या उताऱ्यावर मी पानभर लिहिले होते! संत थॉमस अक्वायनस विवेकाची अंगे मोजतात, त्यात दूरदृष्टी आहे आणि दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारीही आहे. त्या सकाळी ही दोन्ही अंगे ताईंकडे होती. माझ्याकडे पदवी होती.

मांस खाल्ल्याने माझा भाऊ अडखळणार असेल तर मी मांसच खाणार नाही, असे संत पौल करिंथकरांना कळवतो. तिथे प्रश्न मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा होता, ओट्यावरच्या नव्हे. पण पानावरच्या सर्वांत दुबळ्या माणसाकडे बघून ठरवायचे, ही त्याची रीत इथेही लागू पडते. बारा तासांची टर्की यजमानांनी आणि मी कदाचित पचवली असती. सासूबाईंचे काय? पोटातल्या बाळाचे काय?

यजमानांचे म्हणणे असे की, आपल्याकडे आई कुठे एवढे बघत होती? खरे आहे. पण आपल्याकडे पहाटे कापलेली कोंबडी दुपारी चुलीवर असायची. बाहेर राहायला तिला वेळच नव्हता. आता आपल्या घरांतही फ्रीझर आले आहेत. २४ तारखेच्या रात्री गोठलेली कोंबडी ओट्यावर ठेवून आपण मिस्साला येतो, आणि वसईचा डिसेंबर काही न्यू जर्सीचा नव्हे. दीड किलोच्या कोंबडीला फ्रिजमध्ये एक दिवस पुरतो. ती २३ लाच फ्रीझरमधून खाली उतरवा.

त्या दिवशी आम्ही वरण-भात, बटाट्याची भाजी आणि मी नेलेले सुके बोंबील खाल्ले. शेजारच्या अमेरिकन आजींनी भोपळ्याचा गोड पाय आणला होता. बोंबलाचा वास आल्यावर त्या फार वेळ थांबल्या नाहीत. सासूबाईंनी मात्र दोनदा भात घेतला.

पुढच्या वर्षी मी वसईत परतलो होतो. ख्रिस्तराजाच्या सणाच्या दिवशी, रविवारी रात्री, फोन वाजला. पलीकडे ताई होत्या. "फादर, आत्ताच टर्की खालच्या कप्प्यात ठेवली. खाली परातही आहे. हळू बोलते हं, बाळ झोपलंय."

प्रभूठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू