कोंबडी, कुंपण आणि शेजारी

गावी परसात कोंबड्या पाळायला कुणाची परवानगी लागत नसे. इथे जर्मनीत एकच कोंबडी आणली तरी पशुवैद्यकीय कार्यालयात नोंद आणि न्यूकॅसल रोगाची लस सक्तीची! भाड्याने मिळणाऱ्या 'क्लाइनगार्टन'साठी तर १९८३चा केंद्रीय कायदा. बाग घरापुरत्या भाजी-फळांसाठी आणि विश्रांतीसाठी. कोंबड्या सहसा नाहीत.

पण याच कायद्यात एक अपवाद आहे. पूर्व जर्मनीत अशा बागांमधून कोंबड्या-ससे पाळले जात. १९९०च्या एकीकरणानंतर, आधीपासून रीतसर पाळलेले हे प्राणी कायद्याने राहू दिले. अट इतकीच की इतर बागवाल्यांना फारसा त्रास होऊ नये आणि बागेची बाग राहावी.

मला वाटते, खरा प्रश्न इथेच आहे. नियम बदला म्हणणे म्हणजे शेजाऱ्याकडे सहनशीलता मागणे. मग आपण काय देणार? खुराडे स्वच्छ ठेवू, उंदीर येऊ नयेत म्हणून दाणे बंद डब्यात ठेवू. अंडी तर कोंबड्याविनाही मिळतात, मग कोंबड्याचा हट्ट कशाला? कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही हे खरे, पण शेजाऱ्याची झोप तर वाचते!

म्हणून नगरपालिकेकडे अर्ज नेण्याआधी शेजारचे दार वाजवावे.