खचलेला घाट



काशीस मणिकर्णिकेशेजारी शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. पण स्वतःच्याच भाराने तो खचला. पुढे त्याच ठिकाणी त्याची पुन्हा बांधणी झाली.

धूम्रपान सोडून, दोन महिन्यांनी पुन्हा सिगारेट हाती धरलेल्या बंधूस या घाटाची आठवण द्यावीशी वाटते. बंधो, पुन्हा पडल्यावर आपण काय करता? मंदिरात मागच्या बाकावर बसता, उपासना संपताच निघून जाता. वास येईल म्हणून कोणाजवळ उभे राहत नाही. निकोटिनची ओढ पहिल्या काही दिवसांत तीव्र असते व बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरते. लाज मात्र एकांतात वाढते, आणि तीच पुढची सिगारेट पेटविते.

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. हे घडणार हे ठाऊक असूनही, परत फिरल्यावर भावांना बळ देण्याचे काम प्रभूने त्याच्यावरच आधी सोपविले होते (लूक २२:३२). पडलेल्या माणसावर!

म्हणून पाळकांकडे येण्यापूर्वी (मी पाळक असूनही हे लिहितो) मंडळीतील अशा एखाद्याकडे जा, ज्याने सिगारेट सोडली, पुन्हा ओढली व पुन्हा सोडली. जेवणानंतर, चहाच्या टपरीवर, भांडण झाल्यावर, ओढ नेमकी केव्हा लागते ते त्यास सांगा. त्या घटकेस त्याने आपणासोबत चार पावले चालावे. असा कोणी जवळ नसल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य समुपदेशन मिळते.

आज रात्री जेवण होताच त्याचे दार ठोठवा.