किरकोळ

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ‘पुन्हा प्रपंच’ लागलं की सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळे गप्प बसत. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. महागाई, पाहुणे, महिनाअखेर. विषय आमच्याच घरातले. बायकोच्या खर्चावर टोमणा आला की वडील मोठ्यानं हसत. आईही हसे. ती कशाला हसत होती, हे मला फार उशिरा कळलं.

वडील मिलमध्ये कारकून. पगार आईच्या हातात देत आणि एक तारखेला मागच्या महिन्याची वही तपासत. ज्वारी, रॉकेल, दूध, शेंगदाणे, पैशापैशाची नोंद. शेवटची ओळ नेहमी ‘किरकोळ’. वडिलांच्या पानाची, नाटकाच्या तिकिटाची नोंद मात्र कुठल्याच वहीत नसे. आई कमवत नाही म्हणून तिनं हिशेब द्यायचा, अशी माझी समजूत होती. पण पूर्व भागात दिवसभर विड्या वळून मजुरी आणणाऱ्या बायकांनाही चार रुपयांचा जाब द्यावा लागताना मी पाहिलं आहे. तेव्हा कमाईचा मुद्दा नसावा.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी आईनं शेंगाचटणीच्या जुन्या डब्यातून पुरचुंडी काढली. त्या आठवड्यात देशभर असे डबे उघडले आणि त्यावर विनोदही भरपूर फिरले. आमच्याकडे कुणी हसलं नाही. वडिलांनी नोटा मोजल्या आणि एवढंच विचारलं, “मिल बंद पडली तेव्हा यातलं काही होतं?”

“होतं.”

त्या वर्षी त्यांनी व्याजानं पैसे काढले होते. सावकाराच्या दारात उभं राहिल्याचं त्यांनीही घरात कधी सांगितलं नव्हतं.

“तेव्हा काढले असते तर माझं म्हणून काही राहिलं नसतं हो,” आई म्हणाली.

खोटं कधीच क्षम्य नाही म्हणणारा कांट ‘किरकोळ’ला माफ करणार नाही. मी करतो, पण सगळं नाही. जिला उलट हिशेब मागायची सोय नाही, तिच्याकडून पै-पैचं खरं मागण्याचा हक्क मला मान्य नाही. तरी ते व्याजही खरंच होतं. आम्हा सगळ्यांच्या ताटातून गेलं. टेकाडे भावजींसारखा तिसरा माणूस घरात असला की नवराबायकोला असल्या गोष्टी थट्टेवारी बोलता येतात. आमच्याकडे ते काम रेडिओनं केलं, आणि थट्टेत निघालेला विषय परत शांतपणे काढायचा राहून गेला.

आईचं बँकेत खातं नव्हतं. पैसे वडिलांच्या खात्यात भरले. रांगेतून आल्यावर त्यांनी स्लिप खिशात न ठेवता आईला दिली. तिनं ती वहीत घातली.