ओव्यातलं ओवणं

पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत ओवे नावाचं गाव आहे. 'मी ओव्याला राहतो' म्हटलं की माणसं आधी पोटाची चौकशी करतात. त्यांना डब्यातला ओवा आठवतो. आमच्या घरी मात्र ओवे म्हटलं की 'ओवणे' हे क्रियापद आठवतं आणि चाळिशीनंतर ते फार अवघड होऊन बसतं. वय आणि चष्मा दोन्हींना 'चाळिशी' हा एकच शब्द वापरणारी मराठी भाषा काटकसरी खरी, पण स्पष्टवक्तीही आहे.

तर प्रश्न असा, की सुईत दोरा ओवून देणारं यंत्र बाजारात मिळत असताना माणसाला हाक मारावी का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पण वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तत्त्वज्ञान असं किरकोळीतच परवडतं.

आधी यंत्र बघा. अंगठ्याएवढ्या पत्र्याला केसासारख्या तारेचा शंकरपाळा बसवलेला असतो. तो चपटा होऊन नेढ्यातून पलीकडे जातो आणि पुन्हा फुलतो. त्या ऐसपैस शंकरपाळ्यातून दोरा घालायचा आणि तार मागे ओढायची. बँकेच्या भाषेत हा जामीनदार! आधी स्वतः अडकतो, मग दुसऱ्याचं काम होतं.

सगळं भांडण नेढ्याचं आहे. इर्शाळगडाच्या नेढ्यातून माणूस आरपार जातो, सुईच्या नेढ्यातून दोरासुद्धा जात नाही. दाभणाचं नेढं मोठं, पण दाभण पोत्यासाठी. शिवणयंत्राच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. १८४६ साली अमेरिकेत एलायस हाऊ यांनी पेटंट घेतलं त्या यंत्रातही ते तसंच होतं. त्यामुळे अख्खी सुई कापडापार न जाताही दोरा खाली पोचतो आणि खालच्या दोऱ्यात गुंततो. सर्वांत बाणेदार क्रोशाची सुई. तिला नेढंच नाही, टोकाला आकडा. दोरा बोटावर घ्यायचा आणि ओढायचा. कुणाची मिनतवारी नको.

गोधडीवाल्या आजीचं तसं नव्हतं. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे आणि कडेपासून धावदोरा घालत जायचं. हातभर दोरा संपला की पुन्हा ओवणं आलं, आणि ओवणं आलं की हाक आली, "बाळा, जरा इकडे ये रे." एक गोधडी पुरी होईपर्यंत नातवंड कितीदा तरी आजीजवळ येऊन जाई. म्हणून लोक हळहळतात, यंत्र आलं आणि माया गेली.

मला हे पटत नाही. ही हळहळ ओवून देणाऱ्यांची आहे. हाक मारणारीला कुणी विचारलंय? मांडीवर अर्धी गोधडी, हातात रिकामी सुई, आणि नातू 'आलो, आलो' म्हणत डाव संपल्याशिवाय येत नाही. मदत मागण्यात गोडी असते, हे ज्याला ती मागावी लागत नाही त्याचं मत. आमच्या काउंटरवर पैसे काढायची स्लिप घेऊन पेन्शनर येतात. "साहेब, एवढी भरून देता?" म्हणताना त्यांचा आवाज एक पट्टी खाली उतरतो. जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडलेला आवाज असतो तो. त्यांच्यातलेच एक जण एटीएम शिकले, तेव्हापासून त्यांची मान ताठ झाली. दहा-वीस रुपयांचा तो पत्राही हेच करतो. तो दोरा ओवतो आणि माणसाची मान राखतो.

आता गंमत पाहा. एटीएम शिकलेले हे गृहस्थ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अजूनही येतात, बाकावर दहा मिनिटं बसतात आणि जातात. त्यांचं बँकेत काम उरलेलं नाही, तरी येणं उरलं आहे. म्हणजे गरज आणि सोबत ही दोन खाती मुळात वेगळी होती. आपण ती इतकी वर्षं एकाच पासबुकात लिहीत होतो. गरज यंत्राने खुशाल भागवावी, पण सोबतीचा हप्ता माणसानेच, आणि न मागता भरावा.

आमच्या आईला मी पनवेलच्या बाजारातून हे यंत्र आणून दिलं. आता ती हाक मारत नाही, म्हणून मी आपणहून जाऊन बसतो. परवा तिने चष्म्यावरून पाहिलं.

"काही काम होतं का रे?"

"नाही, सहज."

"मग हे बटण लाव तुझं. दोरा ओवलेला आहे."